वाघाची बंदूक व सरकारची धास्ती

लोणावळ्याहून पुण्यास येणाऱ्या गाडीने चिंचवड, पिंपरी, कासारवाडी ही स्थानके मागे टाकली आणि दापोडी सोडली, की मुळेवरचा पूल लागतो व पूल ओलांडताच खडकी येते. या मार्गाने नित्य जा-ये करणाऱ्या कामगारांस व कारकुनांस खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना इतक्या परिचयाचा झाला आहे की त्याजकडे कोणी मान वळवूनही पाहात नाही. हा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची औषधशाळा उभी राहिली ती १९५४ साली, आणि चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले ते तर परवा-परवा. ज्यास आज आपण पिंपरी-चिंचवड व चाकणचा औद्योगिक पट्टा म्हणतो, त्याच्या वेशीवर हा वडीलधारा कारखाना पाऊणशेहून अधिक वर्षे अगोदरच येऊन बसलेला होता, आणि तो जो माल तयार करीत असे तो होता बंदुकीचे काडतूस.

काडतुसाच्या पितळी बुडावर कारखान्याची खूण उमटवलेली असते. खडकीची खूण म्हणजे 'के' आणि 'एफ' ही दोन इंग्रजी अक्षरे. खडकीचे इंग्रजांनी 'किरकी' केले, त्याची ही आठवण. शिकारीच्या जुन्या कथा वाचणाऱ्यांचे लक्ष वाघाच्या डोळ्यांकडे व शिकाऱ्याच्या धैर्याकडे असते. काडतुसाच्या बुडाकडे कोण पाहणार? परंतु मोठ्या नळीच्या ज्या भारी रायफलींनी आपल्या देशातील वाघ आणि गवे पडले, त्या रायफलींची नळी अमुकच रुंदीची का, या साध्या प्रश्नाचा पाठलाग करीत गेले असता आपण अरण्यात न पोचता सरकारच्या दफ्तरात जाऊन पोचतो. तो पाठलाग येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या मुलखाची जुनी बंदूक पाहू. चाकणचा किल्ला आज गावाच्या गर्दीत अंग चोरून उभा आहे. परंतु १६६० साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने याच भुईकोटाच्या आधाराने सुमारे दोन महिने थोपवून धरले, आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो हाती गेला. त्या तटावरून जी बंदूक उडत होती ती तोड्याची. नळीत दारू ठासावयाची, वर शिशाची गोळी बसवावयाची, कानाशी रंजक घालावयाची आणि पेटता तोडा त्यावर टेकवावयाचा. हीच बंदूक, थोड्याफार फरकाने, पुढील दोनशे वर्षे खेड्यातील शिकाऱ्याच्याही खांद्यावर होती. तिची नळी लांब, नेम बरा, पण एक बार उडाला की दुसरा भरीपर्यंत शिकाऱ्याचे दैव हीच त्याची ढाल. म्हणून तो उन्हाळ्याच्या रात्री पाणवठ्याशी खड्ड्यात अथवा मचाणावर दबून बसे, जनावर आठदहा हातांवर येऊ देई, आणि मग बार काढी. ज्या जनावरावर असा एकच बार टाकावयाचा त्याची चाल, त्याची वेळ, वाऱ्याची दिशा हे सर्व त्यास तोंडपाठ असणे भाग होते. शस्त्र दुबळे असले म्हणजे विद्या सबळ ठेवावी लागते. वाघाशी या बंदुकीचा सामना क्वचितच होई, आणि झाला तर दोन्ही पक्षांस थोडाबहुत सारखाच धोका असे.

१८१७ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस खडकीच्या माळावर पेशवाईचे भवितव्य ठरले. दापोडीस पेशव्याच्याच पैशाने उभी केलेली कॅप्टन फोर्डची कवायती पलटण होती. ती मुळा ओलांडून इंग्रजांस जाऊन मिळाली, हा त्या दिवसाचा सर्वांत कडू भाग. त्यानंतर दीडच वर्षाने, १८१९ च्या एप्रिलमध्ये, जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातील एक अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या दरीत उतरला आणि झाडीतून त्यास लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. ती आजही दिसते. अजिंठा जगास पुन्हा माहीत झाला तो असा. चित्रित खांबावर चाकू चालविणाऱ्या या गृहस्थाचे उपकार मानावे की काय, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. आपल्या विषयापुरते महत्त्व एवढेच की राज्य मिळाल्याबरोबर विजेत्यांचे अधिकारी वाघाच्या मागे दऱ्याखोऱ्यांत शिरू लागले होते.

या वर्गातील सर्वांत नामांकित पुरुष जेम्स आउट्रम. १८५७ च्या धामधुमीत लखनौस ज्याने नाव कमावले तोच हा. १८२५ साली तो बावीस वर्षांचा लेफ्टनंट असताना त्यास खानदेशात भिल्लांची पलटण उभी करण्यास धाडण्यात आले. सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या आश्रयाने भिल्ल नाईक नव्या सरकारास जुमानीत नव्हते. त्यांस बळाने मोडण्याचे प्रयत्न फसले होते. आउट्रमने धरणगावास तळ दिला, त्याच बंडखोरांतून शिपाई निवडले, आणि त्यांचा विश्वास संपादन करण्याचे मुख्य साधन म्हणून शिकार वापरली. त्याच्या चरित्रात नमूद आहे की १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या समक्ष १९१ वाघ, १५ बिबटे अथवा चित्ते, २५ अस्वले आणि १२ रानरेडे पडले. दहा वर्षांत एका जिल्ह्यात, एका माणसाच्या डोळ्यांदेखत, १९१ वाघ! त्याचे धैर्य निःसंशय होते. तो पुष्कळदा पायीच वाघावर जाई. परंतु वाघ हुडकून काढणारे, माग काढणारे, झुडपात शिरणारे सगळे भिल्ल. ज्या माणसांना काबूत आणावयाचे त्यांच्याच विद्येने, त्यांच्याच डोंगरातले जनावर मारावयाचे, आणि त्या सहवासातून त्यांस सरकारचे शिपाई करावयाचे, अशी ही योजना होती. राज्य बसविणे व वाघ मारणे ही तेथे दोन कामे नव्हती.

आउट्रमच्या हातातील बंदूक मात्र अजून फारशी पुढे गेलेली नव्हती. ठासणीची, गोल गोळीची. अशा बंदुकीची नळी मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे, आणि ती आजही छऱ्याच्या बंदुकीस लागू आहे. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या व त्यांतील एक गोळी नळीत बरोबर बसली, तर ती नळी बारा बोराची. आठ पाडल्या तर आठ बोराची. म्हणजे आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोराची गोळी सुमारे सव्वातीन तोळ्यांची भरते. चार बोराची जवळजवळ पावणेदहा तोळ्यांची. असल्या चार बोराच्या रायफली हत्तीसाठी खरोखरच वापरल्या जात, आणि बार काढणाऱ्याच्या खांद्याचे काय होई याची वर्णने त्या लोकांनी विनोदाने पण हात राखून लिहिलेली आहेत. काळ्या दारूत जोर वाढविण्याचा उपाय एकच होता: गोळी जड करा, नळी रुंद करा. गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नसे.

पुढे नळीस आतून पिळदार आटे पाडण्याची कला सुधारली, ठासणी जाऊन बुडातून काडतूस भरण्याची सोय झाली, आणि गोल गोळीच्या जागी लांबट गोळी आली. लंडनच्या पर्डी नावाच्या कारागिराने १८५६ च्या सुमारास हलकी गोळी व भरपूर दारू यांचा मेळ घालून वेगवान रायफल काढली व तिला आगगाडीवरून 'एक्स्प्रेस' हे नाव दिले. हेच नाव रूढ झाले. मध्यप्रांतातील जंगलखात्यात व निमाडच्या जमाबंदीत काम केलेला कॅप्टन फोर्साइथ याने सातपुड्याच्या अरण्यांवर जो ग्रंथ लिहिला व जो त्याच्या अकाली मृत्यूच्या वर्षी, १८७१ साली, प्रसिद्ध झाला, त्यात या संधिकालातील शिकारीचे चित्र उत्तम आले आहे. फोर्साइथने रायफल व तिची गोळी यांवर निराळे पुस्तकही लिहिले होते. आपल्या हत्याराचा इतका विचार केलेला शिकारी विरळा.

खरी क्रांती पुढची. १८८९ साली आबेल व ड्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्डाइट नावाची धूरविरहित दारू सिद्ध केली. काळ्या दारूचा बार उडाला की शिकाऱ्यापुढे धुराचा पडदा उभा राही आणि जखमी वाघ पडद्याच्या कोणत्या बाजूने येतो हे तो आल्यावरच कळे. कॉर्डाइटने हा पडदा नाहीसा केला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गोळीचा वेग एकदम वाढविला. १८९८ साली जॉन रिग्बी याने .४५० इंच नळीची कॉर्डाइटची रायफल काढली. शिकारी मंडळी हिला 'फोर-फिफ्टी' म्हणत. तिची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे आपल्या पावणेतीन तोळ्यांस किंचित कमी. बारा बोराच्या जुन्या गोळीहूनही हलकी. पण ती सेकंदास दोन हजार फुटांहून अधिक वेगाने सुटे. जुन्या चार बोराने जे काम खांदा मोडून होई ते आता अकरा-बारा रत्तलांची एक देखणी दुनळी करू लागली.

दुनळीच का, हेही सांगितले पाहिजे. गवा किंवा वाघ जखमी होऊन उलटला असता दुसरा बार काढण्यास शिकाऱ्यास क्षणार्धच मिळतो. एक नळी उडाली, बोट दुसऱ्या चापावर सरकले, दुसरी नळी उडाली; मध्ये कोणताही खटका मागेपुढे करावा लागत नाही. एका नळीचे यंत्र बिघडले तरी दुसरी स्वतंत्र असते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी जाव्यात म्हणून त्या जोडताना कारागीर महिनेच्या महिने घालवी, आणि किंमतही त्या मानाने असे. हिंदुस्थानची एक अडचण विलायतेस नव्हती. वाघाची शिकार वैशाखात, पाणवठे आटल्यावर. आणि कॉर्डाइटचा स्वभाव असा की तापली म्हणजे तिचा दाब वाढतो. उन्हात ठेवलेले काडतूस नळीत अडकून बसण्याची भीती असे. म्हणून कारखानदार उष्ण देशांसाठी दारू थोडी कमी घालून काडतुसे निराळी बनवीत.

आता मुळेकाठी परत येऊ. ज्या १८६९ साली खडकीचा कारखाना निघाला, त्याच साली तेथून काही कोसांवरील चिंचवडच्या चापेकर घराण्यात दामोदर हरींचा जन्म झाला. मोरया गोसावींच्या समाधीच्या या गावात कीर्तनाच्या परंपरेत वाढलेला हा मुलगा मोठा झाला तेव्हा त्याच्या देशात हत्यार बाळगणे हा गुन्हा झालेला होता. १८५७ नंतर प्रांतोप्रांती लोकांची हत्यारे काढून घेण्यात आली होतीच. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला आणि सर्व हिंदुस्थानभर परवान्याशिवाय बंदूक ठेवण्याची बंदी झाली. गोऱ्या लोकांस परवान्याची गरज नव्हती. हा वर्णभेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. पण सरकारची धास्ती ठरावाने जाणारी नव्हती. १८९७ च्या जूनच्या २२ तारखेस रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या रस्त्याने परतत असता, प्लेगच्या अंमलामुळे लोकांस अप्रिय झालेल्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. गणेशखिंड खडकीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर नसली तरी फार दूर नाही. दामोदरपंतांस १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. दोघे बंधू व महादेव रानडे पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच वाटेने गेले.

रिग्बीच्या फोर-फिफ्टीचे सालही १८९८. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तो ओढून आणण्याची इच्छाही नाही. परंतु ज्या राज्यात हत्याराविषयीचे भय इतके जागे होते, त्या राज्यात ही नवी रायफल आली, आणि थोड्याच वर्षांत ती त्या भयाच्या जाळ्यात सापडली.

ते असे घडले. इंग्रजी फौजेने १८७१ साली मार्टिनी-हेन्री नावाची रायफल स्वीकारली होती. तिची नळी .४५० इंचांची, आणि गोळी, योगायोग पाहा, ४८० ग्रेनांचीच. फौजेस पुढे .३०३ ची नवी रायफल मिळाली, तरी लक्षावधी जुन्या मार्टिनी जगभर विखुरलेल्या राहिल्या. त्यांतील कित्येक वायव्य सरहद्दीवरील पठाणांच्या व सुदानातील लोकांच्या हाती गेल्या होत्या. बंदूक चोरून मिळते, पण काडतुसे संपली की तिची काठी होते. म्हणून सरकारचा सगळा कटाक्ष दारूगोळ्यावर. साहेबलोकांच्या शिकारीसाठी विलायतेहून .४५० च्या गोळ्या व काडतुसे पेटीच्या पेटीने येऊ लागली, तेव्हा त्यांतील काही वाट चुकून बंडखोरांच्या मार्टिनीत शिरतील अशी शंका आली. रिग्बीचे लांबलचक काडतूस मार्टिनीत जसेच्या तसे बसत नव्हते. पण एकाच रुंदीची गोळी काढून दुसऱ्या काडतुसात भरणे ही सरहद्दीच्या कारागिरास अवघड गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान व सुदान या दोन देशांत .४५० नळीच्या रायफलींस व दारूगोळ्यास बंदी केली.

लंडनच्या बंदूकवाल्यांवर तर आकाशच कोसळले. हिंदुस्थान हे त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, आणि त्यांची सर्वांत चांगली रायफल तेथे नेता येईना. यावर त्यांनी जो तोड काढला त्याचे कौतुक करावे की हसावे हे समजत नाही. नळी अंशमात्र रुंद करावयाची, म्हणजे ती .४५० राहात नाही! हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली, लँगने .४७०, जेफ्रीने .४७५, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. या सर्वांची गोळी, वेग व मार पाहू गेल्यास फोर-फिफ्टीहून फारसा वेगळा नाही; वाघास अगर गव्यास तो फरक कळण्याचे कारणच नव्हते. .४७० ही पुढे हत्तीच्या शिकारीची जगप्रसिद्ध रायफल झाली आणि आफ्रिकेत आजही तिचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या जन्माचे कारण हत्तीत शोधू नये; पठाणाच्या खांद्यावरील चोरलेल्या मार्टिनीत शोधावे. .५०० ची त्याहून भारी रायफल मात्र खुशाल नेता येत होती, कारण फौजेच्या कोणत्याही बंदुकीशी तिचे नाते नव्हते. याचा अर्थ उघड आहे. सरकारास मोठ्या नळीचे भय नव्हते, मार किती आहे याचीही पर्वा नव्हती. आपल्या शिपायाच्या काडतुसाशी जुळणारे काडतूस प्रजेच्या हाती पडू नये, एवढीच काळजी होती. ज्यांनी जिम कॉर्बेटच्या नरभक्षकांच्या कथा वाचल्या असतील त्यांस त्याच्या '.४५०/.४००' या जोडनावाच्या दुनळीचा उल्लेख आठवेल. तिचे काडतूस जुन्या .४५० च्या पुंगळीचे तोंड आवळून केलेले, पण गोळी .४०० ची, म्हणून ती बंदीतून सुटली.

या सर्व व्यवहारात आपला खेड्यातील शिकारी कोठे होता? हाक्यात. साहेबाच्या किंवा संस्थानिकाच्या शिकारीस पन्नास-शंभर माणसे ढोल-डबे घेऊन जंगल उठवीत. त्यांस मिळाले तर थोडे पैसे, नाही तर वेठ. ज्याच्या आजाने एका तोड्याच्या बंदुकीवर पाणवठा राखला, तो आता हातात काठी घेऊन वाघास दुसऱ्याच्या नळीसमोर हाकीत होता. पिकाच्या रक्षणासाठी काही परवाने मिळत. पण ते पाटलास, इनामदारास, ओळख असलेल्यास. पारधी, कोळी, ठाकूर, भिल्ल यांची जंगलविद्या कायद्याने चोरी ठरली, आणि तीच विद्या साहेबाच्या दिमतीस लागली की तिचे नाव 'शिकारी'.

संस्थानिकांची गोष्ट निराळी. त्यांस बंदुकीची मोकळीक होती, आणि ती त्यांनी मनमुराद भोगली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी वाघाच्या शिकारीची व्यवस्था एखाद्या लष्करी मोहिमेसारखी लावली होती. व्हाइसरॉयांस वाघ मिळवून देण्याच्या या कलेवर त्यांनी १९२० साली इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. मराठी राजाने ज्या विषयावर इतक्या बारकाईने लिहिले तो विषय हा असावा, याचे थोडे वाईट वाटते. कोल्हापूरकरांनी दाजीपूरचे रान आपल्या शिकारीसाठी राखले. त्या राखणीचे फळ असे की सह्याद्रीतील गवा तेथे वाचला. १९५८ साली तेथे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले. गवा हे आमच्या डोंगरातील एकच जनावर की ज्याच्यासाठी भारी नळीची खरोखर गरज होती. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. वाघास एवढ्या मोठ्या गोळीची जरूर नसते, हे पुष्कळ जाणत्या शिकाऱ्यांचेच मत आहे. तरीही वाघच अधिक मेले. रायफलीचा मार वाढला, अंतर वाढले, मोटार आली, विजेचा दिवा आला, आणि शिकाऱ्याने जनावराविषयी जे जाणावयास पाहिजे होते ते दर पिढीस कमी कमी होत गेले. चाकणच्या खड्ड्यात दबून बसणाऱ्याचा एक बार चुकला तर वाघ जगे. या नव्या व्यवस्थेत वाघास चुकीची सवलत उरली नाही.

१९४७ साली राज्य बदलले. १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा झाला. त्यात गोरा-काळा भेद अर्थातच नाही, आणि जुन्याची पुष्कळ जाचक कलमे गेली. पण 'निषिद्ध बोर' ही कल्पना राहिली, आणि तिचे तत्त्वही तेच: फौजेचे .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे काडतूस ज्या नळीत बसेल ती नळी सामान्य नागरिकास वर्ज्य. परवानेदाराने रायफल घ्यावयाची तर बहुधा .३१५ ची. हा आकडा आला कोठून? ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसावरून. .३०३ प्रजेस वर्ज्य, म्हणून इंग्रजी अमदानीतच तशाच बांधणीच्या रायफलीस ही परकी नळी बसवून ती हिंदुस्थानात विकण्यात येऊ लागली. पुढे बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनू लागली. शिकारीस ती उत्तम म्हणून कोणी निवडली नाही. ती आमच्या शिपायाच्या बंदुकीशी जुळत नाही, हीच तिची गुणवत्ता. फोर-फिफ्टीच्या बंदीचे हे धाकटे भावंड आजही परवान्याच्या पुस्तिकेत नांदत आहे.

शिकार मात्र संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढील वर्षीच्या व्याघ्र प्रकल्पाने, ज्यात मेळघाटचा समावेश पहिल्याच तुकडीत झाला, दुनळ्या भिंतीवर गेल्या. माणसावर उलटलेले जनावर मारण्याचा हुकूम आता राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानलेली वाघीण २ नोव्हेंबर १९१८ रोजी नव्हे, आमच्याच काळात, २०१८ साली याच तारखेस अशा हुकुमाने मारली गेली. आणि गोळी कशी, कोठून, कोणत्या परिस्थितीत सुटली याचा वाद वाघिणीहून अधिक काळ जगला. चाकणच्या उत्तरेस, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. तो तेथेच पिले घालतो व वाढवितो. डोंगर त्याने सोडला आहे. जुन्नरजवळ माणिकडोहास पकडलेल्या बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. एखादे मूल गेले की गावकरी रस्त्यावर बसतात व बंदूक मागतात. खाते पिंजरा आणते. त्या आईच्या बाजूने पाहिले तर बंदूक मागणे अयोग्य कसे म्हणावे? आणि एकदा ती सर्रास दिली तर काय होते, हे खानदेशाने पाहिलेले आहे. आज खानदेशच्या सपाटीवर वाघाचे नाव बहुतांशी गावांच्या व नाल्यांच्या नावांतच उरले आहे.

खेड तालुक्यातील एका परिचितांच्या घरी आजोबांच्या वेळची बारा बोराची दुनळी आहे. परवाना पिकाच्या रक्षणाचा, आणि पीक आता बहुतेक कारखान्यांच्या शेडखाली गेलेले. दसऱ्यास तिला फूल वाहतात. मागे त्यांनी दोन काडतुसे मला हातात घेऊन पाहू दिली; बुडावर तीच दोन अक्षरे होती. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप येतो, आणि ते गृहस्थ बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून, मोटारसायकलीवर मागे मुलाच्या मांडीवर आडवी ठेवून, पोलीस ठाण्यात जमा करण्यास घेऊन जातात. पावती मिळते. निकाल लागल्यावर पावती दाखवून ती परत आणावयाची असते. गेल्या खेपेस ती आणावयास त्यांस तीन हेलपाटे घालावे लागले.